दुसऱ्याच्या घरातली कोंबडी

प्रशिक्षण हा शब्द ऐकला की झुंबरबाईच्या कपाळात तिडीक जायची, आणि तिनं ती कधी लपवली नाही. बावीस वर्षं ती नाशकातल्या मुलींच्या बालगृहात काळजीवाहक होती. काळजीवाहक हा सरकारी शब्द. काम काय, तर उवा काढणं, अंथरूण ओलं झालं की न रागावता बदलणं, रडणारीला कडेवर घेणं आणि पळणारीला दाराशी धरणं. पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि साहेबलोक ‘अहो बाई’. बावीस वर्षांत तिनं अकरा प्रशिक्षणं पाहिली होती. अकराच्या अकरांत समोसा थंड होता.

“पोर सांभाळायला शिकवणारं माणूस कसं असावं?” ती विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. “ज्याच्या खांद्यावर एकदा तरी शेंबूड पुसलाय, असं. बाकीच्यांनी समोसा खावा आन् घरी जावं.”

तिच्याजवळ तिचं स्वतःचं पुस्तक होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. झुंबरबाई शिकलेली चौथी, त्यामुळं अक्षर मुंग्या चालल्यासारखं, पण त्या वहीत जिल्ह्यातल्या शेकडो गावांच्या आठवडे बाजारांचे वार होते. एसटीचे कंडक्टर, कासारणी, मसाला विकणाऱ्या बाया, सगळ्यांना विचारून विचारून गोळा केलेले. तिचं म्हणणं सरळ होतं. हरवलेल्या पाच वर्षांच्या पोरीला तालुका ठाऊक नसतो, जिल्हा नसतो, कधीकधी गावाचं नावही नसतं. ती गावाला नुसतं ‘घर’ म्हणते. पण बाजाराचा वार तिला पक्का ठाऊक असतो, कारण त्या दिवशी गोडीशेव मिळते. वार कळला की बोलीवरून तालुका ताडायचा, वही उघडायची आणि पोरीला घेऊन त्या त्या बाजारात फिरायचं. कोणीतरी ओरडतंच, “अगं, ही अमक्याची!”

अशा एकोणतीस पोरी तिनं घरी पोचवल्या होत्या. प्रत्येकीच्या वेळी वहीत कुंकवाचं बोट उमटवलं होतं. सरकारनं यासाठी तिला एक रुपयाचं कौतुक दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही. पण त्या एकोणतीस बोटांचा तिला माज होता. असू दे की. ज्याला काही येतं, त्यानंच माज करावा.

तिसावं बोट मात्र चार महिने अडलं होतं.

दोन हजार चारच्या जानेवारीत नाशकाच्या एसटी स्टँडवर एक पोर सापडली. पाच वर्षांची, काळीसावळी, नाकात काडी. नाव सविता. बापाला ‘दादा’ म्हणते, आईला ‘आया’. ‘आहे’ म्हणायच्या जागी ‘आहा’ म्हणते. झुंबरबाईनं दोन वाक्यांत ताडलं, पोर पेठ-सुरगाण्याकडची, डोंगरातली.

“बाजार कंदी असतो गं तुमचा?”

“बुधवारी.”

“आन् घर कसं हाय?”

पोरीनं डोळे बारीक केले आणि बोटं फाकवून तोंडासमोर धरली. “भितीतून ऊन येतं. असं, पट्टे पट्टे.”

झुंबरबाईचा जीव सुपाएवढा झाला. ती स्वतः घोटीकडच्या डोंगरातली. कारवीच्या काड्यांचा कूड, त्याला लिंपण, आणि लिंपण पडलं की त्यातून येणारं उन्हाचं पट्ट्यापट्ट्याचं अंथरूण, त्यातच ती लहानाची मोठी झाली होती. “न लिंपलेला कूड हाय,” ती म्हणाली. “गरिबाचं घर. सापडलंच समज.”

सापडलं नाही. पेठ आणि सुरगाण्याकडचे बुधवारचे सगळे बाजार झाले. दोनदा झाले. सविता गोडीशेव खायची, एसटीत ओकायची, झुंबरबाईच्या मांडीवर झोपायची आणि परत यायची. कोणी ओरडलं नाही. चौथ्या खेपेपासून तर पोर सकाळी एसटी दिसली की आपणच झुंबरबाईचा पदर धरून म्हणायची, “मावशी, आज कुनाच्या गावाला?” ते ऐकलं की झुंबरबाई तिला कडेवर उचलून गाडीत चढायची.

बालकल्याण समितीनं शेवटची तारीख दिली होती. जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत आईबाप सापडले नाहीत, तर सविताला दूरच्या जिल्ह्यातल्या लहान मुलांच्या संस्थेत पाठवायचं. झुंबरबाईला याचा अर्थ ठाऊक होता. फाइल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाणार, आणि दुसऱ्या कपाटाजवळ वही नसणार. तिथून पुढं कोणी शोधणार नाही. ‘बेवारस’ हा शिक्का असाच बसतो. पोर बेवारस नसते, शोधणारा दमलेला असतो.

आणि नेमकं अशातच, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बारावं प्रशिक्षण आलं. तीन दिवसांचं.

“मी नाय येनार,” झुंबरबाई म्हणाली. “माझ्याकडं आठ दिवस उरलेत.”

“मावशी, सही लागते. साहेब मला बोलतील,” तृप्ती म्हणाली.

तृप्ती बालगृहातली नवी समाजसेविका. चोवीस वर्षांची, बाप अंबडला कारखान्यात, स्वतः एमएसडब्ल्यू केलेली. झुंबरबाई तिला नावानं हाक मारतच नसे.

“ए एमेस्डब्ल्यू, तू कर की माझी सही. तुमाला शिकवत्यात ना समदं?”

“सही करायचं नाही शिकवलं. चला आता, नाहीतर मी सविताला सांगेन मावशी शाळेला घाबरते म्हणून.”

गेली. हॉलमध्ये चार पंखे होते, त्यातले दोन फिरत होते. प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन आणि दोनशे पानांची मार्गदर्शिका. झुंबरबाईनं मधलंच पान उघडून बोट ठेवत ठेवत वाचलं, ‘बालकाच्या पूर्वगृहपरिस्थितीविषयक माहितीचे असूचक पद्धतीने संकलन करावे.’ तिनं पुस्तक मिटलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

शिकवायला वेदिका नावाच्या बाई मुंबईहून आल्या होत्या. चाळिशीच्या, घसा बसलेला, पायात साध्या स्लिपर. त्यांनी कपाखालची मार्गदर्शिका पाहिली. झुंबरबाई ऐटीत बसून राहिली, म्हणजे रागावायचं तर रागवा.

“बरं केलंत,” वेदिकाबाई म्हणाल्या. “हे मराठी मलाही कळत नाही. भाषांतर करणाऱ्यानं पोर कधी पाहिलं नसणार. पण आत जे म्हणायचंय ते खरं आहे हो. ते आपण पुस्तकाबाहेर करू.”

मग त्यांनी जोड्या लावल्या. एकानं आपलं पाच वर्षांचं असतानाचं घर चार वाक्यांत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून त्याचं चित्र काढायचं. झुंबरबाईच्या वाट्याला तृप्ती आली.

तृप्तीनं सांगितलं, “आमचं घर एका खोलीचं होतं. पावसाळ्यात भिंतीतून पाणी यायचं. आई दाराबाहेर स्वयंपाक करायची. उन्हाळ्यात आम्ही आत थांबूच शकायचो नाही.”

झुंबरबाईनं जीभ बाहेर काढून, पेन मुठीत धरून झकास चित्र काढलं. कूड, वर कौलं, दाराबाहेर चूल, चुलीशी बाई, आणि अंगणात तुरा वर केलेली एक कोंबडी. कोंबडी सगळ्यात छान आली होती.

तृप्तीनं चित्र पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “मावशी, अहो, आमची खोली पत्र्याची होती. चारी बाजूंनी पत्रा. अंबडला, कारखान्याच्या मागं. चूल नव्हती, स्टो होता. आणि ही कोंबडी कुठून आली?”

“घर म्हटल्यावर कोंबडी नको?”

अख्खा हॉल हसला. चांदवडचा एक शिपाई तर खुर्चीतून घसरला. वेदिकाबाईही हसल्या. मग त्यांनी ते चित्र सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“तृप्तीनं कोंबडी सांगितली होती?”

“नाय.”

“मग कोंबडी कोणाची?”

झुंबरबाई चित्रातल्या तुऱ्याकडं बघू लागली.

“तुमची आहे. आपण सगळे हेच करतो. पोर चार शब्द सांगतं, उरलेलं घर आपण आपलंच बांधतो, आणि मग त्या पत्त्यावर पोराला शोधत फिरतो. पोराला ‘घर कसं आहे’ विचारू नका. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंतचा एक दिवस सांगायला लावा. वर काय, खाली काय, शेजारी कोण, आवाज कसला. आणि मधे आपण शब्द घालायचा नाही. पुस्तकात ते ‘असूचक’ लिहिलंय ना, ते एवढंच.”

बाकीचे अजून हसत होते. झुंबरबाईचे कान तापले. चारचौघांत फजिती झाली म्हणून नव्हे. तिला पट्टे दिसत होते. उन्हाचे, पट्टे पट्टे. ‘कूड’ हा शब्द सवितानं एकदाही उच्चारला नव्हता. तो हिनं म्हटला होता. हिनंच म्हटला, हिनंच ऐकला, आणि चार महिने पोरीला ओकाऱ्या काढायला लावत डोंगर फिरवला होता.

चहाच्या सुट्टीत तिनं समोसा घेतला नाही. मार्गदर्शिकेवरचा कपाचा ओला गोल पदरानं पुसला आणि तृप्तीला म्हणाली, “चल.”

“कुठं? अजून दुपारचं सत्र—”

“पोरीच्या घरात मी माझी कोंबडी सोडली गं. चल लवकर.”

वेदिकाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “जा. सहीचं मी बघते.” प्रशिक्षण देणाऱ्या बाईबद्दल झुंबरबाईच्या मनात आदर आला, तो पहिल्यांदाच. तो कुठं ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिनं फक्त मान हलवली.

बालगृहाच्या जिन्यावर सविता खडे खेळत बसली होती. झुंबरबाई खालच्या पायरीवर बसली. तोंडात शब्द येऊ नये म्हणून तिनं तंबाखूची चिमूट धरली.

“सवे, मला एक दिवस सांग. तुज्या घरचा. उठल्यापासून.”

सवितानं खडा वर उडवला. “उठतू. खालून गार लागतं.”

झुंबरबाईचं तोंड उघडलं. गार म्हणजे सारवलेली जमीन, असं तिला म्हणायचं होतं. तृप्तीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. तोंड मिटलं.

“खाली कुत्रं निजतं.”

“तुज्याजवळ?” हे निघालंच.

“नाही. खाली. आमी वर, कुत्रं खाली. फटीतून त्याला भाकर टाकतू. दादा रागावतो.”

“फट कुठं आहे?” तृप्तीनं विचारलं.

“खाली पन फटी. भितीला पन फटी. वर पत्रा.” सविता आता रंगात आली. “घर लांब आहा. लय लांब. आगगाडीसारखं. आमी हिकडं, बयाआत्या तिकडं. मंग सगळे कांदं लावाया जातात. चिखलात. रातीला मोठ्या गाड्या जातात, त्यांचा उजेड घरात येतो, पट्टे पट्टे. आन् मंग बुधवारी बाजार.”

जमिनीपासून उचललेलं, खाली फटी, बाजूला फटी, आगगाडीसारखं लांब. डोंगरातलं कुठलंच घर असं नसतं. झुंबरबाई भातवाल्या मुलखातली. तिला काही उमगेना. पण तृप्तीची मोठी बहीण चांदवडकडं दिलेली होती.

“मावशी,” ती उभीच राहिली. “मावशी, ही चाळ आहे! कांद्याची चाळ! कांदा साठवायला बांधतात ना बांबूच्या पट्ट्यांची, वारा लागावा म्हणून खालूनही मोकळी. ताईच्या सासऱ्यांची आहे. थंडीत ती रिकामी असते. लागणीला डोंगरातली माणसं येतात, त्यांना त्यातच झोपायला देतात.”

झुंबरबाईनं तंबाखू थुंकली. माणसं कांद्याच्या जागी झोपवायची आणि पोरीनं त्याला घर म्हणायचं. यावर तिला पुष्कळ बोलायचं होतं. ते तिनं पुढं ज्याला त्याला ऐकवलंही. पण आत्ता ती फक्त म्हणाली, “वही आन.”

बोलीवरून पेठ काढलं ते चूक नव्हतं. पण पोट भरायला बाहेर गेलेल्या माणसाची बोली एका गावची असते आणि बाजार दुसऱ्या गावचा. हे त्या वहीत कुठं लिहिलेलंच नव्हतं. आता तिनं चांदवडचं पान उघडलं. रात्रभर गाड्या म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता जवळ. त्या अंगाला बुधवारचे बाजार तीन. दुसऱ्या दिवशी बुधवारच होता.

तिघी पहिल्या गाडीनं निघाल्या. पहिल्या बाजारात कोणी ओळखलं नाही. सविता एका दगडावर बसली आणि म्हणाली, “हे नाही.” इतक्या ठामपणे ती चार महिन्यांत काहीच बोलली नव्हती. कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. बाजारात नेऊन उभी केली होती, बस. दुसरा बाजार पिंपळखोऱ्याचा. गाडीतून उतरताच पोरीनं झुंबरबाईचं बोट सोडलं.

“ए, धर तिला!” झुंबरबाई ओरडली.

“धरू नका,” तृप्ती म्हणाली. “जाऊ द्या. मागं मागं चला.”

पोर मिरच्यांचे ढीग, चपलांचं दुकान असं वळण घेत थेट पिठाच्या गिरणीपाशी गेली. गिरणीतली बाई पिठानं पांढरी झालेली. तिनं पोरीकडं पाहिलं आणि हातातला डबाच सोडला.

“आगं बया! ही तं मंगळूची पोर! तुमी कोन? कुठं सापडली? आवो, तो बाबा चार महिनं दर बुधवारी येतो हितं. ज्याला त्याला विचारतो, पोर पाह्यली का म्हनून. वेडा झाला म्हनत्यात त्याला.”

गिरणीवालीनं गिरणी बंद केली. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत. गिऱ्हाइकं ओरडली तर म्हणाली, “खा कोरडं एक दिस!” आणि वाट दाखवायला स्वतः पुढं निघाली.

रस्त्यापासून आत अर्ध्या कोसावर मळा होता. चाळ दिसली तशी सविता सुसाट सुटली. पट्ट्यांच्या भिंतीशी जाऊन थांबली, फटीत डोळा घातला, आणि तिनं जी बोंब मारली ती हायवेपर्यंत गेली असेल.

“आमच्या घरात कांदं भरलं!”

चाळ उन्हाळी कांद्यानं शिगोशीग भरली होती. बांधाला ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीचा आडोसा केलेला होता. त्यातून एक बाई वाकून बाहेर आली. ती भागीबाई. तिनं पोरीला पाहिलं, पण धावली नाही. मटकन खाली बसली आणि मातीवर हात आपटत राहिली. सविताच चालत तिच्यापाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आया, कांदं कोनी भरलं?”

मंगळू शेतातून आला. हडकुळा, दाढी वाढलेली. त्यानं पोरीच्या डोक्याला, कानाला, नाकातल्या काडीला हात लावून पाहिला. मग झुंबरबाईच्या पायाशी वाकला. तिनं त्याचा दंड धरून उभं केलं.

“पायाबिया पडू नगं. आधी सांग, पोर हरवली तवा होतास कुठं? नाशकात आमी काय मेलो होतो?”

हळूहळू कळलं. नात्यातल्या एका दिवसकार्याला सगळे गावी गेले होते. परतताना नाशकाच्या स्टँडवर दोन टोळ्या झाल्या, बहीण बयाबाईची टोळी द्राक्षाच्या कामाला निघाली. भागीबाईला वाटलं पोर आत्याबरोबर, आत्याला वाटलं आईबरोबर. कळायला आठ दिवस गेले.

“मंग आलो नाशकाला,” मंगळू म्हणाला. “स्टँडवर पाह्यलं. चौकीत गेलो. ते म्हनले, फोटू आन. फोटू कुठला, बाई? तिचा काय, माझा पन नाही. मंग दुसरे म्हनले, तुज्या गावच्या चौकीत जा.”

“आन् बालगृह हाय म्हनून कुनी सांगितलं नाय?”

“ते काय आहा?”

झुंबरबाईनं तृप्तीकडं पाहिलं. बावीस वर्षं, अकरा प्रशिक्षणं, दोनशे पानं, कपाटं भरून पत्रकं. आणि ज्या बापाची पोर आत आहे, त्याला ते दार आहे एवढंसुद्धा ठाऊक नाही. ज्याच्याकडं पोरीचा फोटो नाही, त्याची पोर सरकारच्या लेखी हरवतच नाही.

“मंग गावी का नाय गेला? लागणी संपली, कांदा निघाला, पेरनीआधी तुमचं पावसाळ्याचं रान कोन भाजनार?”

मंगळूला या प्रश्नाचं नवल वाटलं. “ती येती तं हितंच आली आसती ना. तिला हे घर ठावं. गावचं घर तिला कुठं ठावं, तिथं राहती किती? भाऊ भाजील रान.”

झुंबरबाई बांधावर बसली. या अडाणी बापाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पोरीचं घर कुठलं ते. हे शिकायला तिला बारावं प्रशिक्षण लागलं. ती स्वतःवरच हसली आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं.

तेवढ्यात तृप्तीनं तिला कोपरानं ढोसलं. “मावशी. तिकडं बघा.”

चाळीच्या खालून, फटींच्या अंधारातून, तुरा झटकत एक तांबडी कोंबडी बाहेर येत होती.

“मी म्हटलं नव्हतं?” झुंबरबाई म्हणाली.

“अहो पण—”

“गप बस, एमेस्डब्ल्यू. एवढी तरी असू दे.”

पोरीला तिथंच सोडता येत नव्हतं. कायदा तसा आहे, आणि या बाबतीत तो शहाणा आहे. उद्या कोणीही बाप म्हणून उभा राहील. सोमवारी समितीपुढं आईबापांना उभं करायचं, गिरणीवालीचा जबाब द्यायचा, मग पोर त्यांच्या हातात. भागीबाईला तेवढे दिवसही सविताला नजरेआड करायचं नव्हतं. तेव्हा सगळेच निघाले. गाठोडं बांधलं. भागीबाईनं जाता जाता ती तांबडी कोंबडी धरली, पाय बांधले आणि झुंबरबाईच्या मांडीवर ठेवली.

“नको गं बाई. नोकरीत घेता येत नाय काही.”

“कोंबडी म्हंजे ‘काही’ न्हाय होत,” भागीबाई म्हणाली, आणि विषय संपला.

नाशकाच्या गाडीत जागा मिळाली ती मागची, लांब बाकाची. सविता आईबापाच्या मधे बसली होती आणि दोघांचाही एकेक अंगठा तिनं मुठीत धरला होता. या खेपेला ती ओकली नाही. झुंबरबाईनं वही काढली. तिसाव्या जागेवर बोट टेकवायला कुंकू हवं होतं. तिनं कपाळाचंच थोडं घेतलं. मग बोटाच्या खाली, मुंग्यांच्या अक्षरात, तिनं लिहिलं, ‘पोरीला दिवस विचारणे. आपण गप बसणे.’

“हे माझ्या मार्गदर्शिकेत शंभर पानांवर लिहिलंय,” तृप्ती तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

“म्हनून तर कुनी वाचत नाय. त्या वेदिकाबाईला सांग, आमच्यात बसून लिवा म्हनावं. मी येते शिकवायला. समोसा गरम पायजे.”

कंडक्टर तिकिटं फाडत मागं आला. त्यानं माणसं मोजली आणि त्याची नजर झुंबरबाईच्या मांडीवर अडली.

“कोंबडी कोणाची?”

तृप्तीला हसू आवरेना. ती खिडकीबाहेर तोंड करून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. झुंबरबाईनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि सविताकडं पाहत वाट बघत बसली.

“आमची आहा,” सविता म्हणाली. “आमच्या घरातली.”